पाण्याखाली दोन सेंटिमीटर

फुप्फुस मिटायला फार काही लागत नाही. मोटरसायकल घसरून रस्त्याकडेच्या दगडावर आपटलेली बरगडी पुरते, बैलाचं शिंग पुरतं, चाकूचं पातं तर पुरतंच. मोडक्या बरगडीचं टोक आत वळून फुप्फुसाला टोचतं आणि मग श्वासागणिक थोडी थोडी हवा फुप्फुसाच्या बाहेर पण छातीच्या आत साठू लागते. तिथे एरवी मोकळी जागा नसतेच. फुप्फुसावरचं आवरण आणि छातीच्या भिंतीचं अस्तर यांच्यामध्ये असतो काही मिलिलिटर बुळबुळीत द्रव, आणि वातावरणापेक्षा थोडा कमी दाब, शांत श्वासात साधारण उणे ५ ते उणे ८ सेंटिमीटर पाण्याइतका. फुप्फुसाची ओढ आत आकसण्याची, छातीच्या पिंजऱ्याची ओढ बाहेर फाकण्याची. तो उणे दाब दोघांना धरून ठेवतो. हवा शिरली की पकड सुटते.

ही हवा आणि तिच्यासोबतचं रक्त बाहेर काढायला छातीत घालतात ती नळी म्हणजे वॉर्डातली ‘आयसीडी’. तिच्याविषयीचं शिकवणं बहुतेक वेळा ती घालण्यापाशी संपतं. आपण किती आयसीडी टाकल्या हे प्रत्येक रेसिडेंटला तोंडपाठ असतं. किती सांभाळल्या, हे कुणी मोजत नाही. घालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ती छातीत राहते तीन, पाच, कधी दहा दिवस. त्या दिवसांत नळीच्या आसपास डॉक्टरपेक्षा सिस्टर, वॉर्डातले मामा-मावशी आणि नातेवाईकच जास्त वेळ असतात. रुग्णाचं बरंवाईट पुष्कळदा तिथेच ठरतं.

तरी घालण्याबद्दल काही गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण पुढचे काही घोटाळे तिथेच जन्माला येतात. पहिली गोष्ट घाईची. छातीत साठणारी हवा एकाच दिशेने आत जात राहिली, बाहेर पडलीच नाही, तर तिचा दाब हृदयाकडे परतणारं रक्त अडवतो. धाप, घाम, वेगाने धावणारी आणि हाताला न लागणारी नाडी, घसरता रक्तदाब, एका बाजूला श्वासाचा आवाज नाही : एवढं दिसलं की एक्स-रेसाठी पाठवायचं नाही. श्वासनलिका एका बाजूला सरकण्याची वाट पाहणारे फार उशिरा जागे होतात. नारिंगी रंगाचा १४ नंबरचा कॅन्युला, म्हणजे सलाईनची जाड सुई, घालून हवा सोडायची जुनी जागा कॉलरबोनच्या मध्याखाली, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधली. जखमींच्या उपचाराचा जो अभ्यासक्रम डॉक्टरांना शिकवतात, त्या एटीएलएसच्या २०१८ च्या दहाव्या आवृत्तीने प्रौढांसाठी ती बदलून काखेखाली, बरगड्यांमधल्या चौथ्या-पाचव्या फटीत नेली. कारण साधं आहे. आपला नेहमीचा कॅन्युला साडेचार-पाच सेंटिमीटरचा, आणि धडधाकट माणसाच्या छातीची भिंत पुढच्या बाजूला पुष्कळदा त्याहून जाड. सुई आत पोहोचतच नाही, ‘हवा आली नाही’ म्हणून निदान चुकलं असं वाटतं आणि रुग्ण हातचा जातो. सुई फसली तर बोटाएवढं भोक पाडून बोट आत घालावं, हे जास्त खात्रीचं.

नळीची जागा तीच, काखेखालचा त्रिकोण. पुढे छातीच्या मोठ्या स्नायूची कड, मागे पाठीच्या रुंद स्नायूची कड, खाली स्तनाग्राची रेषा. स्थूल पुरुषांत आणि बायकांत ती रेषा भरवशाची नाही, म्हणून काखेच्या केसांखाली चार बोटं मोजून बरगड्या चाचपाव्यात. खाली घसरण्याचा मोह फार होतो, आणि श्वास सोडताना छाती-पोटामधला पडदा पार पाचव्या बरगडीपर्यंत वर येतो. उजवीकडे यकृतात आणि डावीकडे प्लीहेत गेलेल्या नळ्या याच मोहाच्या.

भूल देताना हात आखडता घेऊ नये. झायलोकेन २ टक्क्यांचं असेल तर एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतात. अॅड्रेनॅलिन नसलेलं किलोमागे ३ मिलिग्रॅम धरलं तर ६० किलोच्या माणसाला ९ मिलिलिटर. तेवढंच सलाईन मिसळलं की १८ मिलिलिटर हाताशी येतं आणि त्वचा, बरगडीचं वरचं आवरण, आतलं अस्तर सगळं नीट बधिर होतं. मग चार-पाच मिनिटं थांबायचं. थांबण्याचं हे काम सगळ्यात कमी केलं जातं.

छेद दोन-तीन सेंटिमीटरचा, खालच्या बरगडीच्या वरच्या काठावर, कारण शिरा, धमनी आणि नस प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला दडून जातात. वाकडी आर्टरी फोर्सेप्स (चिमटा) मिटवून आत न्यायची, उघडून बाहेर काढायची, आणि मग हातमोज्यातलं बोट आत घालून गोल फिरवायचं. आपल्याकडे हे बोट सोडून चालत नाही. जुना टीबी होऊन गेलेल्या छातीत फुप्फुस भिंतीला चिकटलेलं असतं, आणि तिथे आंधळेपणाने ढकललेली नळी थेट फुप्फुसात घुसते. मोडक्या बरगडीची धार बोट कापू शकते, तेवढं सांभाळावं. नळीसोबत पाकिटात येणारी टोकदार लोखंडी सळई, ट्रोकार, तिथल्या तिथे काढून टाकावी. एवढ्या साध्या कामाला भाला कशाला?

नळीचा नंबर म्हणजे बाहेरचा व्यास, मिलिमीटरच्या तिपटीत. २८ नंबरची नळी नऊ मिलिमीटरहून थोडी जाड. रक्त असेल तर २८ ते ३२ नंबर पुरतो. ३६-४० ची जुनी सवय आता सुटत चालली आहे. नुसती हवा असेल तर १४ नंबरची वेटोळ्या टोकाची बारीक नळीही काम करते आणि दुखतं कितीतरी कमी. शेवटचं भोक अस्तराच्या आत गेलंच पाहिजे. एक्स-रेत नळीची पांढरी रेघ जिथे तुटलेली दिसते तिथे ते असतं. त्वचेपाशी कोणता आकडा आहे तो केसपेपरवर लिहावा. तो आकडा तिसऱ्या दिवशी फार उपयोगी पडतो.

१ नंबरच्या सिल्कने नळी बांधायची आणि दुसरा टाका सैल ठेवायचा, नळी काढल्यावर जखम मिटवायला. बटव्यासारखा गोल टाका घालू नये. तो त्वचा चुरगळून वेदनादायक वण ठेवतो. नळी आणि बाटलीच्या रबराचा सांधा डायनाप्लास्टच्या चिकटपट्टीने पूर्ण गुंडाळून टाकण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. सांधा दिसला पाहिजे. उभ्या दोन पट्ट्या पुरतात, आतलं सैल झालेलं कनेक्टर लगेच लक्षात येतं.

आता बाटली. हॅम्बुर्गच्या गॉटहार्ट ब्युलाऊंनी १८७५ मध्ये छातीतला पू काढण्यासाठी नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवलं, आणि आजच्या पारदर्शक प्लास्टिक बॅगेतही त्यांचीच युक्ती आहे. टोक पाण्याखाली दोन सेंटिमीटर. आतून येणारी हवा पाण्यातून बुडबुडा होऊन निघून जाते, बाहेरची हवा मात्र परत शिरू शकत नाही, कारण वाटेत पाणी आहे. स्प्रिंग नाही, झडप नाही, बिघडणारा भाग नाही.

दोनच सेंटिमीटर का? ग्लासात स्ट्रॉ बुडवून फुंकून पाहावं. टोक वरच्या वर असेल तर हलकी फुंकर पुरते, तळाशी असेल तर गाल फुगवावे लागतात. नळी दहा सेंटिमीटर खोल गेली, तर मोडक्या बरगड्यांच्या माणसाला प्रत्येक वेळी दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब हटवून हवा ढकलावी लागते, आणि खोकायला घाबरणारा माणूस ते करत नाही. उलट टोक अर्ध्या सेंटिमीटरवर असेल, तर बाटली जराशी कलंडली की ते उघडं पडतं आणि हवा आत ओढली जाते. एकच बाटली असेल तर आणखी एक गोष्ट घडते, जी पुस्तकात असते पण वॉर्डात दिसत नाही : साठणारं रक्त त्याच पाण्यात मिसळतं आणि पातळी चढते. सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीत ५०० मिलिलिटर रक्त आलं, की पाणी साधारण पाच सेंटिमीटर वर जातं. दोन सेंटिमीटरचे सात झाले, कुणी काहीही न करता. म्हणून भरपूर रक्त येत असेल तर बाटली वेळेवर बदलावी, किंवा रक्त वेगळ्या कप्प्यात साठेल अशी दोन बाटल्यांची रचना वापरावी.

सुरुवातीला किती पाणी घातलं ते चिकटपट्टीवर वेळ आणि तारखेसह लिहून बाटलीवर डकवायचं. हे राहिलं की चार्टवर ‘७०० मिलिलिटर’ लागतात, त्यातले ५०० आपणच ओतलेले असतात. नातेवाईक रोज विचारतात, “आज किती पाणी निघालं?” त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, की हे पाणी छातीतलं नाही, आपलंच आहे, आणि ते ओतून टाकायचं नाही. स्वच्छतेच्या उत्साहात बाटली रिकामी करून कोरडीच परत जोडली, तर छाती थेट बाहेरच्या हवेला उघडी होते.

पाणी काय सांगतं ते वाचायला शिकवणं अवघड नाही. आपण होऊन श्वास घेणाऱ्या माणसात, श्वास घेताना नळीतली पाण्याची कांडी वर चढते, सोडताना खाली येते. व्हेंटिलेटरवर याच्या उलट. वॉर्डात याला ‘कॉलम हलतोय’ म्हणतात. कॉलम हलतोय म्हणजे नळी मोकळी आहे. हलत नसेल तर आधी खोकायला सांगायचं, मग रुग्णापासून बाटलीपर्यंत बोट फिरवत जायचं. तो नळीवर झोपलाय का, कॉटच्या कठड्यात ती चेमटलीय का, कुणी चिमटा लावून विसरलंय का, नळीचं वेटोळं खाली लोंबतंय आणि त्यात रक्त साचलंय का? लोंबणाऱ्या वेटोळ्यातलं साचलेलं रक्त हवेची वाट अडवतं. नुसतं सरळ केलं की बुडबुडे सुरू होतात. यातलं काहीच नसेल तर दोन शक्यता उरतात : गाठीने नळी बुजली, किंवा फुप्फुस पूर्ण उलगडून भिंतीला टेकलं. एक वाईट बातमी, एक सर्वांत चांगली. फरक एक्स-रे सांगतो.

गाठ दिसत असेल तर तेवढाच भाग बोटांनी हलके दाबून सोडावा. नळी मुठीत घट्ट धरून सरसर ओढत ‘दूध काढणं’ मात्र बंद करावं. त्याने नळीच्या टोकाशी शेकडो सेंटिमीटर पाण्याइतका उणे दाब तयार होतो, आणि भोकाशी आलेलं फुप्फुस त्यात ओढलं जातं.

बुडबुड्यांचंही वाचन आहे. फक्त खोकल्यावर येतात तेव्हा फट छोटी. प्रत्येक उच्छ्वासाला येतात तेव्हा मोठी. श्वास घेताना-सोडताना सतत खळखळ असेल आणि फुप्फुसही उलगडत नसेल, तर मोठी श्वासनलिका फाटली असावी असं समजून छातीच्या सर्जनला बोलवावं. पण सतत खळखळीचं जास्त नेहमीचं कारण बाहेरचं असतं. छातीजवळ नळी क्षणभर चिमटीत दाबावी : बुडबुडे थांबले तर गळती रुग्णाकडे, चालूच राहिले तर पुढच्या सांध्यात. दोन दिवस शांत असलेली बाटली तिसऱ्या दिवशी अचानक उकळायला लागली, तर केसपेपरवरचा तो आकडा बघावा. नळी चार सेंटिमीटर बाहेर सरकून शेवटचं भोक ड्रेसिंगखाली आलेलं असतं. ती परत आत ढकलायची नाही. बाहेर राहिलेला भाग आता निर्जंतुक नाही. गरज असेल तर नवी नळी, नव्या जागी.

आता चिमट्याबद्दल. माझ्या मते आयसीडीच्या कॉटजवळ सगळ्यांत घातक वस्तू म्हणजे रिकामी आर्टरी फोर्सेप्स. बुडबुडे येणाऱ्या नळीला चिमटा लावला, की आपण हाताने तोच एकेरी सापळा तयार करतो ज्यातून माणसाला सोडवलं होतं. चिमटा लागतो बाटली बदलताना काही सेकंद, आणि गळती तपासताना काही सेकंद. बाटली फुटली तर चिमटा शोधत पळायचं नाही; नळीचं टोक उशाशी ठेवलेल्या ५०० मिलिलिटरच्या सलाईनच्या बाटलीत बुडवायचं. ती बाटली मुद्दाम ठेवायची असते. नळीच निघून आली तर भोकावर गॉझ दाबायचं, आणि आधी बुडबुडे येत असतील तर ड्रेसिंग तीनच बाजूंनी चिकटवायचं. मग धाप वाढली तर तेही उचलायचं.

चिमटा सर्वांत जास्त लावला जातो तो रुग्णाला हलवताना. सीटी स्कॅनला न्यायचं म्हटलं की मामा बाटली उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवतात, पाणी छातीत जाईल म्हणून कुणीतरी चिमटा लावतं, लिफ्ट उशिरा येते. पाणी जाण्याची भीती खरी आहे, तिच्यावरचा उपाय चुकीचा आहे. बाटली छातीच्या खाली, उभी, स्ट्रेचरच्या कडेला टांगून नेली की चिमट्याचं कारणच उरत नाही. पुस्तकं मीटरभर खाली म्हणतात. कॉटवरच्या रुग्णासाठी जमीन साधारण तेवढीच असते. २०१४ पासून महाराष्ट्रात धावणाऱ्या १०८ च्या गाडीत हे आणखी कठीण, कारण घाटात बाटली कलंडते. लांबच्या प्रवासाला एकेरी रबरी झडप, हाइमलिख व्हॉल्व्ह, बरी. ती उलटी बसवली मात्र तर चिमट्याहून वेगळी नाही. बाण बघून जोडावी आणि निघण्याआधी खोकायला लावून हवा बाहेर येते ना, ते पाहावं.

बाटलीला एक छोटी उघडी नळी असते, हवा बाहेर जाण्यासाठी. ती वासामुळे, सांडतं म्हणून किंवा ‘उघडी राहिली’ असं वाटून बंद केली जाते. तोही चिमटाच. याचा सगळ्यांत लबाड प्रकार लाइट गेल्यावर होतो. हवा ओढून घेणारं सक्शन मशीन जोडलेलं असतं, वीज जाते, मशीन थांबतं, पण त्याची नळी त्याच भोकाला घट्ट बसलेली राहते. सक्शन बंद म्हणजे सक्शनची नळी काढलेली, हा नियम भिंतीवर लिहिण्यासारखा आहे. एरवी सक्शन बहुतेकांना लागतही नाही. लावायचंच तर उणे १० ते २० सेंटिमीटर, आणि तीन बाटल्यांच्या रचनेत तो आकडा पाण्यात बुडालेल्या नळीची खोली ठरवते, मशीनची बटणं नव्हे. खळखळ जास्त म्हणजे ओढ जास्त, असं नसतं. पाणी फक्त लवकर उडून जातं.

रक्ताचे आकडे थोडक्यात. नळी घालताच १५०० मिलिलिटर, किंवा नंतर तासाला २०० मिलिलिटर सलग दोन ते चार तास आलं, तर हे सर्जनचं काम आहे, बाटलीचं नाही. येणारं रक्त अचानक थांबलं तर आनंद मानू नये. आधी नळी बघावी. आत गोठून राहिलेलं रक्त दुसऱ्या नळीने निघत नाही. ते पहिल्या आठवड्यातच दुर्बिणीने काढलं तर सोपं, पुढे त्याची साल होते आणि फुप्फुस तिच्यात अडकतं. प्रतिजैविक चोवीस तासांपलीकडे चालू ठेवून पू टळत नाही.

फुप्फुस मात्र नळीने फुगत नाही. नळी जागा मोकळी करते, फुगवतो रुग्ण स्वतः, श्वासाने आणि खोकल्याने, आणि दुखतंय म्हणून तो दोन्ही टाळतो. म्हणून वेदनाशामक ‘लागल्यास’ या शेऱ्यावर सोडू नये. यकृत ठीक असलेल्या प्रौढाला पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, त्यावर गरजेप्रमाणे पुढचं, आणि तीन-चार बरगड्या मोडल्या असतील तर नस बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक. खोकताना दुखऱ्या बाजूला उशी दाबून धरायची. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर सगळ्यांना लिहून दिलं जातं, दाखवलं क्वचित जातं. चेंडू सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० मिलिलिटरचे, श्वास आत ओढून उचलायचे, जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा. निम्मे लोक फुंकतात. चेंडू हलत नाहीत म्हणून काही हुशार मंडळी यंत्र उलटं धरून फुंकतात आणि तिन्ही चेंडू वर नाचवून दाखवतात. फुप्फुसाला त्याचा फारसा फायदा नाही.

चोवीस तास खोकल्यावरही बुडबुडा नाही, दिवसाचा स्राव २०० मिलिलिटरच्या आत, एक्स-रेत फुप्फुस उलगडलेलं : मग नळी काढायची. माणसं दोन, एक ओढायला, एक सैल टाका बांधायला. श्वास भरून धरायचा की सोडून धरायचा, यावर लोक हिरीरीने भांडतात. तुलना केली तर फरक पडत नाही; महत्त्वाचं हे, की तो धरलेला असावा आणि ओढणं एका झटक्यात असावं. आधी एकदा कोरडी तालीम करून घ्यावी. काही तासांनी पुन्हा एक्स-रे.

डिस्चार्ज कार्डावर बाजू, नळी घातल्याची आणि काढल्याची तारीख, शेवटच्या एक्स-रेतलं चित्र, टाका सात ते दहा दिवसांनी, एवढं तरी हवं. छातीत हवा उरली असेल तर विमान नको, कारण उंचीवर केबिनचा दाब उतरतो आणि अडकलेली हवा फुगते. एक्स-रे स्वच्छ झाल्यावरही एक-दोन आठवडे थांबायला सांगतात. विडी-सिगारेट बंद. आणि दहा-पंधरा दिवसांनी थंडी वाजून ताप आला, तर गावातल्या डॉक्टरांनी मलेरियाची तपासणी लिहिण्याआधी काखेखालचा तो वण पाहून त्या बाजूला स्टेथोस्कोप लावावा. तिथे पू साठलेला असू शकतो, आणि त्याला पुन्हा नळीच लागते.